गोठ्याभोवतीची रेघ

शहराची हद्द वाढणार, वाढणार हे ऐकून गावाचे कान किटले होते. त्यामुळे ती खरोखरच वाढायला निघाली तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. म्हशीवालीने तर मुळीच नाही. नगरपालिकेचा माणूस गाडीला भोंगा लावून गल्लोगल्ली फिरला. शेजारची सगळी जमीन आता शहरात घेणार, तिथे नवीन घरं बांधणार, रस्ते येणार, दिवे येणार, घरोघरी नळ येणार, असं घसा फोडून त्याने सांगितलं. म्हशीवाली त्या वेळी धारेला बसली होती. ‘बंद कर रे मेल्या तो भोंगा, म्हैस पान्हा चोरतेय!’ एवढंच ती गोठ्यातून ओरडली. भोंग्यावाल्याला ते ऐकू गेलं नसेल, पण अर्ध्या गावाला गेलं. बाईचा आवाजच तसा होता.

आणि गंमत बघा, ज्या पालिकेचा तो भोंगा, त्याच पालिकेत तिचा एकुलता एक मुलगा नोकरीला होता. नगररचना विभागात. नकाशे काढायचा. ऑफिसात त्याला सगळे ‘पट्टी’ म्हणत, कारण नवीन लागला तेव्हा हातात नुसती पेन्सिल धरून तो अशी सरळ रेघ ओढायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पुढे कॉम्प्युटर आले, पेन्सिली ड्रॉवरमध्ये गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा कधी लाडात आली की ‘अहो पट्टी’ म्हणायची. आईला मात्र ते आवडत नसे. ती त्याला बाबू म्हणे, आणि पस्तिशी उलटली तरी चारचौघांत म्हणे.

दर रविवारी पट्टी आईकडे यायचा. त्या रविवारी आला तो चेहरा पाडूनच. आई वैरण तोडत होती. तो तसाच उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, ‘आई, हद्दवाढीचं या खेपेला खरं आहे. आपलं गाव आत जाणार.’

‘जाऊ दे की. आतबाहेर काय, माती तीच.’

‘तसं नाही. शहराच्या हद्दीत दुभती जनावरं ठेवायला बंदी आहे.’

आईचा विळा थांबला. गोठ्यात चार म्हशी होत्या. नवरा गेल्यावर याच गोठ्याच्या जिवावर तिने मुलाला शिकवलं, मोठं केलं, नोकरीला लावलं. म्हशींना ती शिव्या द्यायची, त्यांच्याशी भांडायची, एकीवर रागावली तर दोन दोन दिवस तिच्याशी बोलायची नाही. ‘म्हणजे मला जनावरांसकट बाहेर काढणार?’ तिने विचारलं.

‘तुला नाही गं. फक्त म्हशींना.’

‘मग मला ठेवून काय लोणचं घालणार आहेत?’

पट्टीला हसू आलं, पण आई हसत नव्हती. त्याने हळूच फ्लॅटचा विषय काढला. मागची खोली रिकामीच आहे, सूनही म्हणतेय, वगैरे. आईने हात झटकले. फ्लॅटवर ती एकदाच राहायला गेली होती आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत आली होती. तिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, ती माणसं आपल्याकडे बघणार, आपण त्यांच्याकडे बघणार, हा काय राहायचा प्रकार झाला, असं तिचं म्हणणं. सुनेशी तिचं वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते चौथ्या मजल्याशी.

‘तूच काढतोस ना तो नकाशा?’ जरा वेळाने ती म्हणाली.

‘मी काढतो म्हणजे, सांगतात तसा काढतो.’

‘मग आपलं घर सोडून काढ की रेघ. एवढीशी तर जागा. कुणाला कळतंय?’

‘आई, ती हद्द काय माझ्या बापाची आहे?’

‘बापाची नाही, पण हात तर तुझा आहे!’ असं म्हणून तिने परत विळा चालवायला घेतला. म्हणजे तिच्या मते प्रश्न मिटला होता.

पट्टी घरी गेला तो हे डोक्यात घेऊनच. सरळमार्गी माणूस. आयुष्यात कधी रांग मोडली नाही, कधी ऑफिसची पेन्सिल घरी आणली नाही. पण आईने त्याच्याकडे कधी काही मागितलंही नव्हतं. साडी नाही, औषध नाही, काही नाही. पहिल्यांदा मागितलं ते हे. आता अशा वेळी माणसाने काय करावं, तुम्हीच सांगा.

त्या आठवड्यात शेवटचा नकाशा साहेबांसमोर जायचा होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं आणि पट्टी स्क्रीनसमोर बसून राहिला. गावाच्या त्या बाजूला ओढा होता. नवी हद्द ओढ्याच्या काठाकाठाने जायची होती, आणि त्यांचं घर ओढ्याच्या अगदी काठावर, हद्दीच्या आतल्या अंगाला. त्याने रेघ धरली. ओढ्यापासून आत ओढली, घराला वळसा, गोठ्याला वळसा, उकिरडासुद्धा बाहेर ठेवला आणि रेघ पुन्हा ओढ्याला नेऊन जोडली. झालं. चहा निवायच्या आत काम झालं.

साहेबांनी नकाशा पाहिला, त्या जागी बोट ठेवलं. ‘हे काय मध्येच?’

पट्टी म्हणाला, ‘जुना गोठा आहे, साहेब. आत घेतला तर जनावरं हलवायची कटकट आपल्याच गळ्यात येईल.’

‘बरं केलंस,’ साहेब म्हणाले आणि सही ठोकली. साहेबांची बदली झालेली होती, त्यांचं अर्धं लक्ष सामान बांधण्यात होतं. पट्टी जिना उतरला तो आनंदातच. आईसाठी काहीतरी केलं, जिवावर उदार होऊन केलं, या आनंदात त्याने त्या दिवशी बायकोला उगीचच फिरायला नेलं आणि कारण काही सांगितलं नाही.

आईलाही त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. नवी हद्द जाहीर झाली, सगळं गाव आत गेलं आणि म्हशीवालीचा गोठा तेवढा बाहेर राहिला. झालं, रेघेचं आपणच बोललो होतो हे विसरून बाईने गाव डोक्यावर घेतलं. ‘मला भिऊन सोडलं!’ ती भेटेल त्याला सांगायची. ‘अख्खं गाव गिळलं, पण मी घशात अडकले!’ पट्टी शेजारी मुकाट्याने उभा राहून ऐकायचा आणि मनातल्या मनात फुगायचा. इतका सुखी तो पुढे कधी झाला नाही.

आता यात चुकलं कुठे ते सांगते. त्यांच्या घरामागे ओढा, आणि ओढ्याला सरळ उभी दरड. शेळी उतरायची नाही, मग म्हैस कसली उतरते! कागदावर ओढा म्हणजे निळी रेघ. त्या रेघेच्या पलीकडे मोकळं रान दिसतं, म्हणजे गोठा बाहेरच्या जगाला जोडलेला दिसतो. प्रत्यक्षात गोठ्यातून बाहेर पडायची वाट एकच. ती समोरून, पट्टीच्या काकाच्या शेतामधून, बांधाबांधाने तळ्यावर जायची आणि तिथून गायरानात. म्हशी त्याच वाटेने पाण्यावर जायच्या. पट्टी त्याच वाटेने शाळेत गेला, म्हशीच्या पाठीवर बसून घरी आला, पावसात त्याच वाटेवर आपटून त्याने हनुवटी फोडून घेतली. ती खूण अजून आहे. पण ती वाट कुणी आखलेली नव्हती, नुसती चालून चालून पडलेली होती, त्यामुळे ती कुठल्याच नकाशात नव्हती. आणि रेघ काढताना पट्टीने नकाशात बघितलं. घर बघितलं, गोठा बघितला, उकिरडासुद्धा आठवला. वाट आठवली नाही.

काकाने शेत विकलं. त्याला तरी काय बोलायचं, सगळ्यांनीच विकलं. त्या जागी वसाहत उभी राहायला लागली. पाच इमारती, मध्ये बाग, सगळीकडून कुंपणाची भिंत. भिंतीचं काम सुरू झालं त्या दिवशी म्हशीवाली म्हशी घेऊन तळ्याकडे निघाली आणि बांधावर तिला पाया खणलेला दिसला. तिने गवंड्याला हाणायचंच बाकी ठेवलं. ‘अरे, इथून माझी जनावरं जातात!’

गवंडी गरीब माणूस. ‘मावशी, मला नकाशात भिंत दाखवलीय. वाट दाखवली असती तर वाट सोडली असती,’ तो म्हणाला.

तेव्हा बाई उठली आणि थेट पालिकेत गेली. मुलाला आधी सांगितलंही नाही. पट्टी मान खाली घालून काम करत होता, एकदम कानावर तो ओळखीचा आवाज आला आणि त्याच्या हातून माऊस सुटला. आई त्याच्या टेबलासमोर उभी होती, पायात चिखलाच्या चपला.

‘माझी वाट कुठे आहे ती दाखव,’ ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने तिला बसायला खुर्ची दिली. चांगला मनुष्य होता. ‘आजी, नकाशात असली तर मिळेल. नसली तर आमचाही इलाज नाही,’ असं म्हणून त्याने आपण होऊन तो मोठा नकाशा आणला आणि पट्टीच्या टेबलावर पसरला. पट्टीला नाही म्हणता येईना.

आई वाकली. तिला लिहितावाचता बेताचंच येत होतं, पण ओढा तिने ओळखला, तळं ओळखलं, आणि मग बोट फिरवत फिरवत ती गोठ्यापाशी आली. ‘हे आपलं घर होय?’ ती म्हणाली. ‘आणि ही रेघ बाकी सगळीकडे नीट, इथेच अशी काय उंदराने कुरतडल्यासारखी?’

कारकून हसला. पट्टी हसला नाही. आईने नकाशावरून नजर उचलली, मुलाच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा आवाज एकदम बसला. ‘पाणी दे रे जरा,’ एवढंच ती म्हणाली. पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि वाटेबद्दल एक अक्षर न बोलता निघून गेली. कारकून म्हणाला, ‘तुमची आई बरी आहे ना? एकदम गप्प झाल्या.’

पट्टीने मग जिवाचं रान केलं, नाही असं नाही. जुने साहेब गेले होते, नव्या साहेबांकडे तो तीनदा गेला. साहेब म्हणाले, ‘ती जागा आपल्या हद्दीत आहे का? नाही. मग हद्दीबाहेरच्या माणसाला वाट काढून देणं आपलं काम कसं होईल?’ बरोबरच होतं. त्यात आणखी एक गोष्ट कळली ती ऐकून तर त्याच्या पायाखालची जमीन सरकली. गावातले बाकीचे गोठेवाले हद्दीच्या आत आले होते आणि त्यांची जनावरं हलवायची म्हणून पालिकेने त्यांना हद्दीपलीकडे, गायरानाला लागून मोकळी जागा दिली होती. पाण्याच्या टाक्या बांधून दिल्या, शेड घालून दिली. तिथे आता त्यांच्या म्हशी मजेत होत्या.

‘माझ्या आईला मिळेल का तिथे जागा?’ पट्टीने विचारलं.

‘ती योजना हद्दीतल्यांसाठी आहे,’ साहेब म्हणाले. ‘तुमच्या आई बाहेर आहेत ना?’

रेघ परत सरळ करता येईल का, हेही त्याने आडून आडून विचारून पाहिलं. त्यासाठी म्हणे पुन्हा सगळं पहिल्यापासून. हरकती, सुनावणी, मंजुरी. शिवाय आधी असं का काढलं हे कुणीतरी विचारणारच. पट्टीला घर होतं, बायको होती, हप्ते होते. तो मूग गिळून बसला. त्याला दोष द्यावा असं वाटतं, पण माझ्याने देववत नाही.

वसाहत उभी राहिली. माणसं राहायला आली, पडदे लागले, गॅलऱ्यांतून कपडे वाळायला लागले. भिंतीला मोठं फाटक आणि फाटकावर रखवालदार. गोठ्याच्या बाजूला भिंतीत एक साधं दार ठेवलेलं. म्हशीवालीला येजा करायला वसाहतीने माणुसकी म्हणून परवानगी दिली. तिला एकटीला. जनावरांना नाही. ती डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन फाटकातून यायची, बागेच्या कडेकडेने, झोपाळ्यांना वळसा घालून. मुलं झोपाळे थांबवून तिच्याकडे बघत.

सुरुवातीला बरं चाललं. वसाहतीतल्या बायका भिंतीवरून पातेलं पुढे करायच्या आणि म्हशीवाली खालून माप ओतायची. ‘ताजं दूध, डोळ्यांसमोर काढलेलं!’ म्हणून सगळ्या खूश. मग माशा झाल्या. मग वास यायला लागला. मग त्याच बायकांच्या नवऱ्यांनी मीटिंग घेतली. माणसांचं हे असंच असतं, त्यात नवीन काय. पातेली यायची थांबली.

आणि म्हशी जागच्या जागी उभ्या राहून आजारी पडायला लागल्या. म्हशीला डुंबायला पाणी लागतं, पाय मोकळे करायला रान लागतं. नळाच्या पाण्याने अंगावर बादल्या ओतून तिचं भागतं होय? आणि नळ तरी कुठे होता, तो भिंतीपर्यंतच आला होता. खुर सुजले, दूध आटलं. एक म्हैस विकली. मग दुसरी. तिसरी विकली त्या रविवारी पट्टी गेला तेव्हा आई अंगणात बसून रिकाम्या दाव्याला गाठी मारत आणि सोडवत होती. त्याने विचारलं, ‘जेवलीस का?’ ती म्हणाली, ‘जेवले.’ चूल थंड होती.

‘चल ना माझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘आता कशाला राहतेस इथे?’

‘मला काय धाड भरलीय? चांगलं चाललंय माझं,’ ती म्हणाली आणि पूर्वीसारखं गाव ऐकेल असं हसली. पण ऐकायला गाव राहिलं नव्हतं. वरच्या गॅलरीतून कुणीतरी शूऽ केलं.

राहिली शेवटची. टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत हेकट. ती आईखेरीज कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. तिला घ्यायला कुणी खाटकाशिवाय तयार होईना, आणि खाटकाला द्यायला म्हशीवाली तयार होईना. शेवटी आईच्या धाकट्या बहिणीने, मावशीने, निरोप धाडला. ती दूर एका गावात राहत होती, तिथे अजून रान होतं, तळं होतं. पाठवून दे म्हणाली माझ्याकडे, मरेपर्यंत सांभाळते.

पट्टी सकाळीच टेम्पो घेऊन आला. टेम्पोला आत सोडलं नाही, फाटकाबाहेरच उभा करावा लागला. म्हणजे टिकलीला वसाहतीमधून चालवत न्यायचं. वसाहतीच्या सेक्रेटरीने तोंड वाकडं करून ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून परवानगी दिली. पट्टीने दावं धरलं. आई मागून. गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली, कुणी मोबाइल काढून शूटिंग करायला लागलं. पट्टीला भर उन्हात उघडं पडल्यासारखं झालं.

टिकली अंगणातून निघाली ती ऐटीत निघाली. किती दिवसांनी पाय मोकळे झाले होते तिचे! पण फाटकाच्या बाजूला वळायचं सोडून ती सरळ गेली. पट्टीने दावं ओढलं. ती ऐकेना. सरळ गेली, फुलझाडांचे दोन वाफे तुडवले आणि समोरच्या भिंतीला जाऊन भिडली. तिथे तिने कपाळ भिंतीला टेकवलं आणि उभी राहिली. ओढलं, हाकललं, सेक्रेटरी वरून ओरडला, पण ती जागची हलेना. भिंतीच्या त्या जागी पूर्वी बांध होता. तिथूनच सगळ्या म्हशी तळ्यावर जायच्या.

पट्टीच्या हातातलं दावं सैल पडलं.

‘तिला आठवतंय,’ आई म्हणाली.

पट्टीला हुंदका आवरेना. एवढा मोठा माणूस, गॅलऱ्या भरलेल्या, आणि तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडायला लागला. ‘आई, ती रेघ मीच काढली गं,’ तो म्हणाला. ‘तू म्हणालीस म्हणून काढली. पण वाट माझ्या डोक्यातच आली नाही. घर सोडलं बाहेर, आणि वाट विसरलो. आत राहिली असतीस तर तुला रानाजवळ जागा मिळाली असती. बाकीच्यांना मिळाली. तुझ्या म्हशी मी मारल्या, आई.’

‘माहितीये मला,’ आई म्हणाली.

त्याने मान वर केली.

‘तुझ्या टेबलावर बघितलं तेव्हाच कळलं. तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं की. लहानपणी दूध सांडलंस की असाच दिसायचास.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलणार? नोकरी पणाला लावलीस माझ्यापायी. मी मागितलं आणि तू दिलंस. मग ते टाकून कशी जाऊ? मी निघून आले असते तर तुला वाटलं असतं, उगाच केलं.’ ती टिकलीच्या कपाळाशी गेली, ठिपक्यावर हात फिरवायला लागली. ‘मला वाटलं, काढेन दिवस. पण आता माझ्याच्याने होत नाही रे, बाबू.’

मग ती टिकलीच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली कोण जाणे, शिवीच असणार. टिकलीने भिंतीपासून कपाळ काढलं आणि आई पुढे, ती मागे, अशा दोघी फाटकातून बाहेर पडल्या. दावं धरायचीसुद्धा गरज पडली नाही.

टेम्पोत म्हैस चढली. पट्टी फळी लावायला वाकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आईच्या काखेत गाठोडं आहे. सकाळपासून असणार, त्याने बघितलंच नव्हतं. आई ड्रायव्हरच्या शेजारी चढायला लागली.

‘तू कुठे चाललीस?’

‘मावशीकडे. टिकली काय दुसऱ्याच्या हाताखाली दूध देणार आहे?’

‘आई, तिचं दूध कधीच आटलंय.’

‘तेही माहितीये,’ आई म्हणाली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

‘माझ्याकडे ये ना,’ पट्टी म्हणाला. ‘ती खोली तशीच आहे. एकदा ये तरी.’

‘येईन की. ही असेपर्यंत तिच्यापाशी राहते, मग येईन.’ तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि लहानपणी घ्यायची तशी त्याची हनुवटी चिमटीत धरली. ‘रागावून चालले नाही हो. तसं मनात आणलंस तर बघ.’ पण तिचे डोळे भरले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने ड्रायव्हरलाच फटकारलं, ‘बघतोस काय, चल की!’

टेम्पो वळणाआड गेला. पट्टी बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होता. बायकोचा फोन आला, तो त्याने घेतला नाही. मग त्याला आठवलं की घराचं दार उघडंच राहिलं असेल, म्हणून तो परत फाटकाशी आला. सकाळचा रखवालदार पाळी संपवून गेला होता. त्याच्या जागी नवीनच माणूस बसला होता, वयस्कर, डबा उघडण्याच्या तयारीत. त्याने पट्टीला हात दाखवून थांबवलं.

‘कुणाकडे जायचंय?’

पट्टी दर रविवारी हेच ऐकायचा आणि दर रविवारी एकच उत्तर द्यायचा. आताही तेच त्याच्या तोंडून निघून गेलं. ‘आईकडे.’

म्हाताऱ्या रखवालदाराचा चेहरा खुलला. त्याने डबा बाजूला ठेवला आणि उठून दार उघडलं. ‘मग लवकर जा, साहेब,’ तो म्हणाला. ‘जेवायची थांबली असेल.’

पट्टीने मान हलवली आणि तो आत गेला.